कुंकू ते सैराट : मराठी पडद्यावरचे मौन

१/२३
२०१६ चा उन्हाळा. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत ‘झिंगाट’ सुरू होताच प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचू लागत. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या यांनी सभागृह दणाणून जाई. तेच प्रेक्षक चित्रपट संपल्यावर मात्र एकमेकांशी काही न बोलता बाहेर पडत. ‘सैराट’च्या अखेरच्या क्षणांत पडद्यावरचा सगळा आवाज काढून घेतलेला आहे. एवढ्या गाजलेल्या संगीताच्या चित्रपटाचा शेवट पूर्ण शांततेत का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ७९ वर्षे मागे, पुण्यातील प्रभात स्टुडिओपर्यंत जावे लागते.

२/२३
प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मूकपटांच्या काळात चित्रपटगृह मूक नव्हते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतीय मूकपटांचे युग सुरू झाले. पात्रांचे ओठ हलत. शब्द मात्र पाट्यांवर वाचावे लागत. ही उणीव भरून काढण्यासाठी पडद्याजवळ पेटी, तबला यांसारखी वाद्ये घेऊन वादक बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. म्हणजे चित्र मुके होते, पण खेळ मुका नव्हता.

३/२३
ही बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जेथे पात्राला बोलताच येत नाही, तेथे त्याच्या न बोलण्याला काही अर्थ उरत नाही. ज्याच्यापाशी आवाज आहे, त्यानेच तो आवरला तर त्याला मौन म्हणता येते. त्यामुळे चित्रपटात मौनाचा विचारपूर्वक उपयोग होण्यासाठी आधी बोलपट यावा लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडद्याला वाचा फुटली.

४/२३
मात्र वाचा फुटताच पडदा मुख्यतः गाऊ लागला. ‘आलम आरा’मध्ये ७ गाणी होती. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, मदन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’त गाण्यांची संख्या सुमारे ७० वर गेली. संवाद आणि गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असल्याने नट-नटीला स्वतः गाता येणे आवश्यक होते आणि वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवावे लागे. नव्या यंत्राचे सारे आकर्षण आवाजात होते. मिळालेला आवाज बंद ठेवावा, असे त्या उत्साहाच्या काळात कोणाला सुचणे अवघडच होते.

५/२३
मराठीतही असेच घडले. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक. १९३२ मध्ये त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट सादर केला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते, संगीतही त्यांचेच होते. दुर्गा खोटे तारामती झाल्या होत्या. प्रेक्षक गायकनटाला ऐकायला आले होते. ही सवय त्यांना संगीत रंगभूमीने लावली होती.

६/२३
संगीत रंगभूमीच्या या परंपरेतील एक नाटक येथे लक्षात घ्यावे लागते : गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ मधील ‘संगीत शारदा’. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी श्रीमंत पण जराजर्जर भुजंगनाथाला द्यायला निघतो, हा त्याचा विषय. त्या काळातील जळता सामाजिक प्रश्न देवलांनी रंगमंचावर आणला. शारदेचे दुःख आणि म्हाताऱ्या नवऱ्याचा उपहास महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला तो प्रामुख्याने पदांमधून. पद पाठ होई आणि पदाबरोबर प्रश्नही पाठ होई.

७/२३
संगीताचे हे सामर्थ्य मान्य करूनही त्याची एक मर्यादा दिसते. किर्लोस्कर मंडळींच्या रंगमंचावर स्त्रीभूमिका पुरुष करीत. त्यामुळे विकल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा पुरुषाच्या कंठातून ऐकू येई. शिवाय संगीत नाटकात रंगलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळण्याची रीत होती. दुःख जितके सुरेल, तितकी त्याची पुन्हा मागणी. प्रेक्षक हळहळत, पण त्या हळहळीत रसास्वादाचा आनंदही मिसळलेला असे. सूर दुःखाला सुसह्य करतो आणि जे सुसह्य झाले, ते बदलण्याची निकड कमी होते.

८/२३
दरम्यान कायदा पुढे सरकला होता. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. मुलीसाठी किमान वय १४ आणि मुलासाठी १८ ठरले. हा कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो. देवलांच्या नायिकेशी मात्र त्या नावाचा संबंध नाही. ते विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ते रूढ झाले. या कायद्याने वधूचे किमान वय सांगितले. वराच्या उतारवयाबद्दल तो काहीच बोलत नव्हता. सज्ञान होऊ घातलेल्या मुलीचे वृद्धाशी लग्न लावणे त्यामुळे अशक्य झाले नाही.

९/२३
नेमक्या याच फटीत ‘कुंकू’ची कथा उभी आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला हा प्रभातचा चित्रपट १९३७ मध्ये आला. हिंदी आवृत्तीचे नाव ‘दुनिया न माने’. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. मामाकडे वाढलेली पोरकी नीरा फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. शांता आपटे यांनी नीरा साकारली आणि केशवराव दाते यांनी काकासाहेब. शारदेची गोष्ट ३८ वर्षांनी पुन्हा सांगितली जात होती; पण नीरा शारदेसारखी नव्हती.

१०/२३
लग्न लागल्यानंतर नीरा रडत बसत नाही. ती या विवाहाला विवाह मानायलाच नकार देते. काकासाहेबांच्या घरात राहूनही ती त्यांची पत्नी होण्याचे नाकारते आणि हा नकार अखेरपर्यंत टिकवते. अशा नायिकेसाठी संगीत कसे असावे? करुण सूर लावले तर ती बिचारी ठरली असती. वीरश्रीचे सूर लावले तर ती पोवाड्यातली व्यक्ती झाली असती, पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आढळणारी खरीखुरी मुलगी राहिली नसती.

११/२३
या प्रश्नाला प्रभातने दिलेले उत्तर धाडसी होते. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच ठेवले नाही. संपूर्ण चित्रपटात ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे, माणसांच्या वावरातले स्वाभाविक आवाज. हा निर्णय संगीताची जाण नसलेल्यांनी घेतला असता तर त्याला अर्थ नव्हता. व्ही. शांताराम यांनी किशोरवयात गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली होती. बालगंधर्वांच्या पदांनी भारावलेले प्रेक्षागृह त्यांनी जवळून पाहिले होते. संगीत प्रेक्षकाचे काय करते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१२/२३
संगीतकार केशवराव भोळे यांचीही पार्श्वभूमी अशीच सूचक आहे. गायक, संगीत समीक्षक असलेल्या भोळ्यांनी १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला संगीत दिले. पदांचा पूर आवरून मोजकीच आणि प्रसंगाला धरून पदे ठेवणारे ते नाटक मराठी रंगभूमीवरील नव्या वळणाची खूण मानले जाते. पुढे प्रभातमध्ये त्यांनी ‘अमृतमंथन’ आणि ‘संत तुकाराम’ यांना संगीत दिले. १९३६ मध्ये तुकोबांच्या भक्तीला सूर देणारा हाच संगीतकार पुढच्या वर्षी ‘कुंकू’त वाद्यांना थांबवतो.

१३/२३
पार्श्वसंगीत नेमके काय करते? ते पात्रांना ऐकू येत नाही, फक्त प्रेक्षकाला येते. ते प्रेक्षकाच्या कानाशी लागून सांगत असते : आता घाबर, आता हळवा हो, आता निश्चिंत हो. हे सांगणे काढून घेतले की प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागते. समोर एक तरुण मुलगी वयोवृद्ध नवऱ्याला ठाम शब्दांत नाकारत आहे. ती उद्धट आहे की न्याय्य, याचा कौल वाद्यवृंद देत नाही. १९३७ च्या प्रेक्षकाला तो कौल आपल्या घरातील मुलींकडे पाहून द्यावा लागला.

१४/२३
वाद्ये थांबल्यावर साधे आवाज मोठे होतात. ‘कुंकू’मधील घड्याळ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. काकासाहेबांच्या घरातील त्या जुन्या घड्याळाची टिकटिक कथेत वारंवार येते. संगीत असते तर ती त्याखाली बुडून गेली असती. शांततेत ती ऐकू येते आणि तिला दुहेरी अर्थ येतो : म्हाताऱ्याचे सरत चाललेले आयुष्य आणि त्याच छपराखाली वाया चाललेले एका मुलीचे तारुण्य. एकही संवाद न लिहिता वयातील अंतर कानांना जाणवत राहते.

१५/२३
याचा अर्थ ‘कुंकू’त गाणी नाहीत असा नाही. शांताराम आठवले यांची गीते त्यात आहेत. पण ती कथेतल्याच माणसांच्या तोंडी आणि कथेतल्याच जागी येतात. रस्त्यावरून फिरणारा भिक्षेकरी गातो, नीरा गाते. लाँगफेलो या अमेरिकी कवीची एक इंग्रजी कविताही शांता आपटे यांनी या चित्रपटात गायिली. गाणे कुठूनतरी अदृश्यपणे वाहत येत नाही. कोणीतरी माणूस गातो म्हणून ते ऐकू येते. शारदेची व्यथा पुरुषाने गायिली होती. नीरेचे गाणे आता एका स्त्रीच्या स्वतःच्या गळ्यातून येत होते.

१६/२३
या शांततेमागे कायद्याचीही शांतता होती. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातील हिंदू पत्नीला घटस्फोट मागण्यासाठी सर्वसाधारण कायदाच नव्हता. काही जातींत रूढीने काडीमोड होई. नीरेच्या थरातील स्त्रियांना तीही वाट बंद होती. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. १८५६ च्या कायद्याने विधवेला मात्र पुनर्विवाहाची मुभा दिली होती. नीरेची सुटका एकाच मार्गाने शक्य होती : नवऱ्याच्या मृत्यूने.

१७/२३
चित्रपटाचा शेवट या कायदेशीर कोंडीतून घडतो. आपली चूक उमगलेले काकासाहेब नीरेला मुक्त करण्यासाठी स्वतःचे आयुष्य संपवतात आणि तिने नव्याने संसार मांडावा, अशी इच्छा पत्रात लिहून ठेवतात. आज हा शेवट अस्वस्थ करतो. एका अन्यायाचे निवारण दुसऱ्या मृत्यूने व्हावे, ही त्या काळाची शोकांतिका होती. येथेही अश्रूंना वाट करून देणारा वाद्यमेळ नाही. प्रेक्षक न सुटलेला प्रश्न बरोबर घेऊनच घरी जातो.

१८/२३
‘कुंकू’ गाजला, पण त्याची वाट फारशी मळली नाही. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, ‘धूप छाँव’मध्ये, पार्श्वगायनाचे तंत्र आणले होते. ते रुळल्यावर गाणे नटाच्या गळ्यापासून स्वतंत्र झाले, वाद्यवृंद मोठे होत गेले आणि भारतीय चित्रपटातील जवळपास प्रत्येक भावनेला सूर मिळाला. मौनाचा पुढचा अविस्मरणीय प्रसंग बंगालमध्ये घडला आणि तो वेगळ्या जातीचा होता.

१९/२३
सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५). दुर्गा मरण पावली आहे. परगावाहून परतलेल्या हरिहरला ते ठाऊक नाही. तो मुलीसाठी आणलेली साडी पत्नीच्या हाती देतो. सर्वजया कोसळते, तिचे तोंड उघडते, पण तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी दक्षिणामोहन ठाकूर यांची तारशहनाई उंच पट्टीत घुमते. संगीत पंडित रविशंकर यांचे, राग पटदीप. माणसाचा आवाज काढून घेतला आणि वाद्याला दिला. आईचे रडणे एका घरापुरते राहिले नाही.

२०/२३
मराठी पडद्यावर मौनाचा विचार पुन्हा ठळकपणे आला तो सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत. ‘फँड्री’त (२०१३) जब्या आणि त्याचे कुटुंबीय शाळेजवळ डुकराचा पाठलाग करीत असतात. एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि हाती लागत आलेले डुक्कर निघून जाते. संगीत येथे कथेतलेच आहे, ‘कुंकू’प्रमाणेच. राष्ट्रगीताचा मान राखणाऱ्या या कुटुंबाला गाव कोणता मान देते, हा प्रश्न पात्रांच्या स्तब्धतेतून उभा राहतो.

२१/२३
मग आला ‘सैराट’. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. व्हायोलिनांच्या लाटांवर पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या यांचे प्रेम उमलते. त्या सुरांत प्रेक्षकाला जातीचा विसर पडतो, जसा त्या दोघांना पडला होता. पुढे दोघे हैदराबादला पळून जातात आणि सूर विरळ होत जातात. भांड्यांचे, बाजाराचे, वस्तीचे आवाज पुढे येतात. प्रेमाचे संगीत संपून संसाराचा आवाज सुरू झाल्याचे कान आधी ओळखतात.

२२/२३
अखेरीस माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. हत्या पडद्यावर दिसत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत येते आणि आई-वडिलांना रक्तात पाहते. ते रडते, पण रडणे ऐकू येत नाही. ते बाहेर चालू लागते आणि मागे रक्ताची इवली पावले उमटत जातात. सर्वजयेच्या आक्रोशाची जागा तारशहनाईने घेतली होती. या मुलाच्या रडण्याची जागा कशानेही घेतलेली नाही. ज्या सभागृहात काही वेळापूर्वी ‘झिंगाट’वर नाच झाला होता, तेथे आता प्रेक्षकाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. सुरांनी विसरायला लावलेली जात शांतता परत आठवून देते.

२३/२३
२७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची, समाजाची वा कुळाची संमती आवश्यक नाही. १८९९ ची शारदा, १९३७ ची नीरा आणि २०१६ ची आर्ची या तिघींचा प्रश्न एकच होता : लग्न कोणाशी करायचे, हे कोण ठरवणार? शारदेच्या वेळी महाराष्ट्राने हा प्रश्न गाण्यातून ऐकला. नीरा आणि आर्ची यांच्या वेळी दिग्दर्शकांनी गाणे थांबवले. त्या रिकाम्या जागेत उत्तर प्रेक्षकाने द्यायचे होते, आणि आर्चीच्या लेकराची पावले अजून त्याच वाटेवर उमटलेली आहेत.